जाणाऱ्याचा पगार

आमच्या क्लबात करार खिळ्याला टांगलेला असे.

आज हे कुणाला सांगितलं तर लोक हसतात. आता टीव्हीवर खेळाडू टेबलाशी बसतो, समोर जाडजूड कागद, शेजारी कोटातला एजंट, मागे क्लबची माणसं दात काढून उभी. सही झाली की फटाफट फोटो. आमच्याकडे स्टँडच्या पायऱ्यांखाली तिरक्या छताची एक खोली होती. उंच माणसाला तिथे एका बाजूला वाकूनच उभं राहावं लागे. भिंतीवर एक लांब फळी ठोकलेली आणि फळीला ओळीने खिळे. हंगामातली शेवटची मॅच झाली की प्रत्येक खेळाडू आपले बूट घासूनपुसून, नाड्यांची गाठ मारून आपापल्या खिळ्याला अडकवायचा आणि घरी जायचा. बूट सुट्टीभर तिथेच लटकत राहिले तर हा पुढच्या हंगामात आहे असं समजायचं. ज्याला क्लब सोडायचा असेल तो बूट काखेत मारून घरी न्यायचा. सही नाही, साक्षीदार नाही. आणि मुख्य म्हणजे विचारायचं नाही. "काय रे, राहणार ना?" असं विचारणं म्हणजे समोरच्याच्या इमानावर शंका घेणं, असं सगळेच मानत. आमचे सेक्रेटरी तर जरा जास्तच मानत.

या क्लबाचे कप्तान म्हणजे माझे यजमान. गावात त्यांना दुसऱ्या नावाने कुणी हाक मारत नसे. बेकरीवाला उधारी मागायचा तीसुद्धा "कप्तान" म्हणून, अदबीने. ते बचावफळीत मधोमध खेळायचे. त्यांनी गोल फारसे मारले नाहीत, पण ते असेपर्यंत आमच्यावर झालेही फारसे नाहीत. सकाळी लाकडाच्या वखारीत काम, दुपारी सराव. मी क्लबच्या जर्सी धुवायचे. स्टँडच्या मागे पिंपात पाणी उकळायचं आणि लाकडी दांड्याने चिखलाच्या जर्सी ढवळत बसायचं. गोलकीपरची जर्सी नेहमी शेवटी, कारण तिच्याने पाण्याचा काढा व्हायचा. हात सोलवटून निघायचे, पण त्या पिंपाभोवती जेवढी हसले तेवढी नंतर कधी हसले नाही.

पगार आठवड्याला मिळायचा. म्हणजे मिळायला हवा असा नियम होता. सेक्रेटरींचं गावात हार्डवेअरचं दुकान होतं आणि क्लबाचं ऑफिस त्याच दुकानाच्या मागच्या अंगाला, रंगाच्या डब्यांमध्ये. आम्ही सगळे त्यांना काका म्हणायचो. तिकीटविक्री चांगली झाली की काका पाकिटं वाटायचे. पाऊसपाण्याने गर्दी फिरकली नाही की पाकीट हलकं व्हायचं, आणि राहिलेल्या पगाराच्या जागी काका दुकानातली एखादी वस्तू पुढे करायचे. "कप्तान, हे ठेव. पुढच्या हंगामात बघू आपण." अशा रीतीने आमच्या एका खोलीच्या घरात सात कुलपं, तीन बादल्या आणि हिरव्या रंगाचे डबे जमले. खोलीच्या चारी भिंती मी हिरव्या केल्या. कुलपांचं काय करावं ते मात्र सुचलं नाही, कारण चोराने न्यावं असं घरात कुलपांशिवाय दुसरं काही नव्हतं.

कप्तान कधी कुरकुरले नाहीत. मी कुरकुरायचे. तो माझा विभाग होता.

पाण्याचा नळ खाली, चार कुटुंबांत एक. कप्तानांचं वय तिशी ओलांडलेलं. उजवा गुडघा मॅचनंतर सुजायचा. डॉक्टरांनी सांगून ठेवलं होतं की आणखी दोन-तीन वर्षं, मग पाय म्हणेल तसं. म्हणजे कमवायचं तर आत्ताच, एवढं साधं गणित होतं. ते मला कळत होतं. त्यांनाही कळत असणार, पण बोलायचे नाहीत.

त्या हंगामाच्या अखेरीला एजंट आला. एजंट हा शब्द आम्हाला तोवर विम्यापुरता ठाऊक. सोनेरी काड्यांचा चष्मा, फिकट रंगाचा सूट. स्टँडवर बसताना आधी रुमाल पसरायचा. दोन मॅच बघितल्या आणि एका संध्याकाळी जिना चढून आमच्याकडे आला. घरात खुर्ची एकच, ती त्याला दिली. माझे सासरे बाजेवर बसले होते. त्यांना मी मामंजी म्हणायचे. ते चांभार होते. क्लबातले सगळे बूट त्यांच्याच हातचे, आणि माणूस आला की त्याच्या तोंडाआधी पायांकडे बघायची त्यांना सवय. माझी नणंद दाराला टेकून उभी. ती क्लबाच्या तिकीटखिडकीवर बसायची, आणि त्या खिडकीमुळे अर्धं गाव तिची जीभ ओळखून होतं.

"मी क्लबाचा माणूस नाही," एजंट म्हणाला. "मी खेळाडूचा माणूस."

"म्हणजे लग्न जुळवणारे?" वन्सं म्हणाल्या.

"तसंच समजा."

"मग यात नवरी कोण? तुमचा क्लब की आमचा दादा?"

"ताई, पैसा ज्याला मिळतो ती नवरी," एजंट हसून म्हणाला. माणूस हजरजबाबी होता, हे मान्य करायला हवं. त्याने मोठ्या शहरातल्या एका क्लबाचं नाव सांगितलं. पगाराचा आकडा ऐकून मी त्याच्या चहात साखर दुसऱ्यांदा घातली. घर क्लबाकडून. पगार महिन्याच्या महिन्याला, पाऊस पडो न पडो.

"आणि तुम्हाला काय मिळणार?" मामंजींनी विचारलं.

"दहावा हिस्सा. रीतच आहे तशी."

मामंजींनी लेकाच्या पायांकडे बघितलं. "दहा बोटांतलं एक बोट तुमचं. कुठलं घेणार? अंगठा घेऊ नका, अंगठा गेला तर तो उभा राहणार नाही."

सगळे हसले. एजंटही हसला. मामंजी मात्र गंभीरच. "आणि तुमचा डावा बूट चावतो तुम्हाला. जाताना दुकानात या, टाच बघून देतो."

कप्तान एवढंच म्हणाले, "शेवटची मॅच होऊ द्या. मग सांगतो."

तो गेल्यावर मी सरळच म्हटलं, "अहो, जाऊया. मी हात जोडते. तुम्हाला नाही वाटत?"

"वाटतं."

"मग?"

"इथली पोरं चेंडू चुकला की वळून माझ्याकडे बघतात गं. तिकडे कुणाकडे बघतील?"

"तिकडे पगाराकडे बघतील! आपणही बघू!"

ते हसले आणि पाय चोळत बसले. त्यांच्याशी भांडणं म्हणजे उशीला बुक्क्या मारण्यासारखं होतं.

शेवटची मॅच रविवारी झाली, बरोबरीत सुटली. जर्सी गोळा करायला मी खोलीच्या दाराशी उभी होते. कप्तानांनी बूट घासले, ओल्या फडक्याने पुसले, गाठ मारली आणि खिळ्याला अडकवले. माझ्याकडे बघितलं नाही. मी जर्सींचं गाठोडं उचललं आणि निघाले. ते मागून आले, गाठोडं माझ्या हातातून घेतलं, आणि पूर्ण रस्ता आम्ही एक शब्द बोललो नाही. दुसऱ्या दिवशी ते एजंटच्या लॉजवर जाऊन "जमणार नाही" सांगून आले. एजंट म्हणाला, "गुरुवारच्या बसने मी जातोय. तोवर माणसाचं मन बदलू शकतं."

"माझं नाही बदलत," असं ते म्हणाले म्हणे. मला हे सांगताना त्यांच्या आवाजात थोडी ऐट होती, म्हणून मी आणखीच अबोला धरला.

पुढे जे झालं ते मामंजींमुळे. आणि मामंजींमुळे म्हणजे त्यांच्या चांभारकीमुळे.

दर सुट्टीत मामंजी बूट दुरुस्त करायचे, पण दुकानात आणून नाही. आरी, रापी, मेण लावलेला दोरा अशी सगळी पेटी खांद्याला लावून ते स्टँडखालच्या त्या खोलीत जायचे. फळीखाली बसून एकेक जोड काढायचा, शिवायचा, परत त्याच खिळ्याला लावायचा. कुणाचा खिळा एक रात्रही रिकामा दिसू नये, म्हणून हा खटाटोप. त्या वर्षी त्यांचा खांदा धरला होता. पेटी उचलवत नव्हती. सोमवारी ते नुसती पाहणी करायला गेले आणि बघतात तो लेकाच्या उजव्या बुटाचा सोल पुढून उघडा पडलेला. आता चांभाराने उघडा सोल बघायचा आणि तसाच सोडून यायचा, हे त्यांच्या हातून होणारच नव्हतं. दुसऱ्या कुणाचे असते तर त्यांनी हात लावला नसता. पण हे घरचेच बूट. घरच्याला कोण काय म्हणणार, असं मनाशी म्हणत त्यांनी जोड पिशवीत टाकला, दुकानात आणला, आणि लेकाला चकित करायचं म्हणून कुणाला न सांगता नवे सोल घालायला बसले. नवं चामडं भिजवायचं, ठोकायचं, वाळू द्यायचं. दोन दिवसांचं काम.

मंगळवारी काका खोलीला कुलूप घालायला गेले. कप्तानांचा खिळा रिकामा.

हे सगळं मला नंतर कळलं. बुधवारी सकाळी मला फक्त एवढंच दिसलं की बेकरीवाल्याने पाव दिला आणि उधारी मागितली नाही. नळावर मी गेले तर बायका गप्प. एकीने माझी बादली आधी लावून दिली. अशी बादली फक्त मयताच्या घरच्या बाईची आधी लागते. मी घाबरून विचारलं, "काय झालं काय?"

"काय व्हायचंय? जिथे जाल तिथे सुखी राहा," ती म्हणाली. "कप्तान बूट घेऊन गेले ना. अख्ख्या गावाला माहीत आहे."

मी तशीच उभी. बादली भरून वाहायला लागली. आणि मग मला जो आनंद झाला तो काय सांगू! म्हणजे त्यांनी मन बदललं. माझ्यासाठी बदललं. ऐट मोडायला नको म्हणून गुपचूप बूट काढून आणले, आता संध्याकाळी सावकाश सांगतील. मी दोन्ही बादल्या भरून जिना असा चढले की जणू त्या रिकाम्याच होत्या.

संध्याकाळी ते वखारीतून आले. वखारीतले लोकही दिवसभर त्यांच्याशी बोलले नव्हते. ते बरोबरीत सुटलेल्या मॅचमुळे, अशी त्यांची समजूत. मी पाय धुवायला गरम पाणी ठेवलं. गुडघ्याला शेक दिला.

"राग गेला वाटतं," ते म्हणाले.

"राग कसला? तुम्ही करता ते विचार करूनच करता."

"मला वाटलं होतं तू महिनाभर बोलणार नाहीस."

"वेडे आहात," मी म्हटलं आणि आतल्या आत हसले. ते त्यांच्या समजुतीत खूश, मी माझ्या. त्यांना वाटत होतं की बायकोने राहणं मान्य केलं. मला वाटत होतं की नवऱ्याने जाणं. आमच्या संसारातली इतकी गोड संध्याकाळ दुसरी आठवत नाही, आणि ती सबंध गैरसमजावर उभी होती.

तेवढ्यात वन्सं जिन्यावरून धाडधाड आल्या. "दादा! निदान मला तरी सांगायचंस रे! रस्त्यात लोक मला विचारतात आणि मी आपली शुंभासारखी बघते!"

"काय सांगायचं?"

"बूट नेलेस ते!"

"कुणी नेले?" त्यांनी माझ्याकडे बघितलं. मी त्यांच्याकडे. माझ्या तोंडावरचं हसू तसंच राहिलं होतं, ते आता कुठे ठेवावं मला कळेना.

तेवढ्यात जिन्यावर खोकला आला. काका होते. काका कधी आमच्याकडे येत नसत, आम्हीच दुकानात जायचो. आत आले पण बसले नाहीत. खिशातून एक फुगलेलं पाकीट काढलं आणि टेबलावर ठेवलं.

"हे काय, काका?" कप्तानांनी विचारलं.

"तुझं. मागचं सगळं. आजपर्यंतचं." काकांचा आवाज दुखावलेला होता. "मोजून घे. आणि दंडावरची पट्टी मी त्या डाव्या बॅकला दिली, आज सकाळी. नवा कप्तान लवकर ठरलेला बरा."

मला वाटलं आता हे म्हणतील, अहो काका, काहीतरी घोटाळा आहे. पण ते पाकिटाकडे बघत राहिले. मग हळू आवाजात म्हणाले, "एवढे कुठून आले?"

"ते तुला काय करायचंय? जाणाऱ्याचं देणं हा क्लब ठेवत नाही. माझ्या आधीच्या सेक्रेटरीनेही ठेवलं नव्हतं. उद्या बाहेर जाऊन कुणी म्हणायला नको की आम्ही बुडवलं."

"आणि राहणाऱ्याचं?"

"राहणारा घरचा असतो," काका म्हणाले. यात काही गैर आहे असं त्यांना खरंच वाटत नव्हतं. "घरच्याचं मागेपुढे झालं तर चालतं."

"म्हणजे मी राहिलो असतो तर?"

"तर पुढच्या हंगामात बघितलं असतं."

वन्सं काहीतरी बोलायला गेल्या, पण तेवढ्यात मामंजी आले. एका हाताने कठडा धरत, दुसऱ्या हातात वर्तमानपत्रात गुंडाळलेला जोड. दम लागलेला, पण चेहरा लग्नघरातल्या माणसासारखा.

"बरं झालं, सगळेच आहात," ते म्हणाले आणि कागद सोडला. "बघ रे. दुहेरी सोल. आता पुढचा हंगाम तर सोड, तू खेळायचा थांबशील पण हे थांबायचे नाहीत."

मामंजी एकेकाच्या तोंडाकडे बघू लागले. मग त्यांच्या लक्षात आलं. "अरे देवा," म्हणत ते बाजेवर बसले. "खिळा."

काकांनीही खुर्चीत अंग टाकलं आणि हसायला लागले. डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसले. "म्हातारबा, जीव घेतलात हो माझा! काल रात्रभर झोपलो नाही. घरी बायकोला म्हटलं, कप्तान जाऊ शकतो तर उद्या मीही हा क्लब सोडेन." रुमालाने डोळे पुसले, वन्संना म्हणाले, "चहा टाक गं पोरी." आणि अगदी सहज, सांडलेलं काही आवरावं तसा, टेबलावरच्या पाकिटाकडे हात नेला. "मग हे आता राहू दे माझ्याकडे. पत्र्याच्या व्यापाऱ्याचे द्यायचेत, त्यातूनच उचलून आणले होते. पट्टीचं काय ते मी बघतो, त्या पोराला समजावतो."

कप्तानांचा तळहात पाकिटावर पडला. जोरात नाही. मैदानात समोरचा खेळाडू चेंडू घेऊन धावत आला की ते घाई करत नसत, फक्त योग्य जागी उभे राहत. तसाच तो हात होता.

"काका, हे मी गेलो म्हणून आणलंत ना?"

"अरे पण तू कुठे गेलास?"

"मग गेलो असं समजा."

काकांचं हसू उतरलं. "थट्टा करतोस?"

"नाही. इतकी वर्षं मला वाटत होतं की क्लबाकडे नाही, म्हणून मिळत नाही. नाही तर नाही. माझी तक्रार नव्हती. विचारा हिला, हिची होती, माझी नव्हती." ते थांबले. "पण होतं. आणता येत होतं. फक्त राहणाऱ्यासाठी येत नव्हतं."

"मी स्वतःचं दुकान गहाण टाकल्यासारखं करून आणले ते," काका म्हणाले.

"माहीत आहे. तुम्ही वाईट नाही. म्हणून तर जास्त लागलं."

"आणि बूट? बूट तर तू ठेवले होतेस. तू राहिलाच होतास."

"राहिलोच होतो. तुम्ही मला विचारलं नाहीत, काका. खिळ्याला विचारलंत. वखार तुमच्या दुकानापासून किती लांब आहे?"

रस्ता ओलांडला की वखार. मामंजी नव्या सोलवरून अंगठा फिरवत होते, उगाच. मग काकांनी जे केलं ते त्या क्लबाच्या इतिहासात कुणी केलं नसेल. त्यांनी मान वर केली आणि विचारलं, "आता विचारतो. राहतोस का?"

मला तेव्हा काय वाटावं? ज्या दिवसासाठी मी देवाला साकडं घालत होते तो दिवस माझ्या हिरव्या खोलीत येऊन उभा होता, आणि माझ्या मनात एकच चाललं होतं, हो म्हणा. अहो, हो म्हणा, म्हातारा विचारतोय. मी ओठ दाबून धरले. हे त्यांचं त्यांनीच ठरवायचं होतं.



"रविवारी विचारलं असतंत," ते म्हणाले, "तर फुकट राहिलो असतो."

काकांनी मान हलवली. पाकीट तिथेच ठेवून उठले. चहा झाला होता, पण थांबले नाहीत. जिन्यात अंधार असतो म्हणून कप्तान त्यांना हात धरून खालपर्यंत सोडून आले.

वर आले तेव्हा मामंजी तसेच बसलेले. "मी नेले नसते तर," ते म्हणाले, "हे काही झालं नसतं."

"बाबा, तुम्ही नेले नसते तर मला कधी कळलंच नसतं." त्यांनी बूट उचलून उजेडात धरले, वाकवून बघितले. "सोल झकास बसलाय."

"दादा," वन्सं म्हणाल्या, "आता त्या चष्मेवाल्याला अंगठा द्यावा लागणार."

गुरुवारच्या बसच्या आधी ते लॉजवर गेले.

शहरातल्या घराचं मी काय सांगू? जे मागितलं ते मिळालं. दोन खोल्या, नळ घरात, खिडकीतून झाड दिसायचं. पगार ठरल्या तारखेला. ज्या क्लबात ते गेले तिथली माणसं वाईट नव्हती, फक्त कामाची होती. कप्तानांना तिथे कप्तान कुणी म्हणत नसे, आणि घरी मी तशी हाक मारली की ते जरा दचकायचे. एजंटबद्दल मात्र मी जे जे बोलले होते ते सगळं मागे घेतलं. दहावा हिस्सा त्याने चोख घेतला, आणि करारात कुठल्याशा कोपऱ्यात असं घालून ठेवलं होतं की गुडघा गेला तरी हंगामाचा पगार पूर्ण. तिसऱ्या हंगामात गुडघा गेला तेव्हा त्या एका ओळीवर आम्ही जगलो. आता टीव्हीवर लोक एजंटांना शिव्या घालतात, आणि खेळाडूंना इमान उरलं नाही म्हणून हळहळतात. माझी नातही हळहळते. मी काही बोलत नाही. इमान होतं का, तर होतं. पण ते एकट्या खेळाडूनेच ठेवायचं अशी आमच्या वेळची पद्धत होती.

एक दिवस मात्र सांगायचा राहिला. दुसऱ्या हंगामात चषकाच्या सोडतीत आमच्या नव्या क्लबाची गाठ जुन्या क्लबाशी पडली, आणि तीही जुन्याच मैदानावर. मी बरोबर गेले. तिकीटखिडकीवर वन्सं. मी हसून आत हात घातला तर त्यांनी तिकीट फाडून समोर ठेवलं.

"बाहेरच्या टीमच्या माणसांना पैसे पडतात, वहिनी."

"अहो, मी इथल्या जर्सी धुतल्यात!"

"म्हणूनच पुढची जागा दिली. काढा पैसे." आणि खिडकीतूनच त्यांनी माझा गाल ओढला. त्यांचे डोळे भरले होते.

संघ मैदानात आले तेव्हा मी घाबरले होते. लोक ओरडतील, काहीबाही फेकतील. तसं झालं नाही. कप्तान दुसऱ्या रंगाच्या जर्सीत बाहेर आले आणि अख्खं स्टँड गप्प झालं, नळावरच्या बायका झाल्या होत्या तसं. ते नेहमीसारखेच खेळले. कुणाला सूट दिली नाही. जुन्या संघाचा पोरगा चेंडू घेऊन आला की हे योग्य जागी उभे. एकदा तो डावा बॅक, त्यांची पट्टी घातलेला, चेंडू चुकला आणि सवयीने वळून ह्यांच्याकडेच बघू लागला. ह्यांनी हाताने खूण केली, मागे जा म्हणून. विरोधी संघाच्या माणसाला! मी कपाळाला हात लावला.

उत्तरार्ध सुरू झाल्यावर शेजारी कुणीतरी येऊन बसलं. काका होते. बरेच वाळले होते. मैदानाकडे बघतच म्हणाले, "गुडघा कसा आहे त्याचा?"

"सुजतो," मी म्हटलं. "पण तिथे मालिश करायला माणूस आहे."

"रोज?"

"रोज. मॅच नसली तरी."

"हं. आणि सरावाला किती लांब जावं लागतं?"

"ट्राम आहे. दाराशीच थांबते."

"झोप लागते का त्याला? इथे मॅचच्या आदल्या रात्री लागायची नाही."

मी त्यांच्याकडे बघितलं. हे त्यांना ठाऊक होतं, हेच मला ठाऊक नव्हतं. "अजून लागत नाही," मी म्हटलं.

मग ते थांबलेच नाहीत. तिथे त्याच्याशी कोण बोलतं. जेवायला कुणाबरोबर बसतो. मामंजींनी बसवलेला सोल कसा आहे. तू काय करतेस दिवसभर, कंटाळत नाहीस का. घराला ऊन येतं का. इतक्या वर्षांत न विचारलेलं सगळं एका मॅचमध्ये उरकायचं असल्यासारखे ते विचारत राहिले, आणि मीही पिंपाशी बसून बोलायचे तशी बोलत राहिले, खिडकीतल्या झाडापासून शेजारणीच्या मांजरापर्यंत. काका मध्येच "बरं", "बरं झालं" म्हणायचे आणि लगेच पुढचं विचारायचे.

अचानक सगळं स्टँड उभं राहिलं. एकच आरडाओरडा झाला. आम्ही दोघंही दचकून उठलो आणि माणसांच्या पाठींमधून वाकून बघायला लागलो.

"गोल झाला?" काकांनी विचारलं.

"झाला वाटतं."

"कुणाचा?"

मला कुठे ठाऊक होतं?